मुलांनाही पक्षाघात होतो, ही ओळ भिंतीवर लिहा

प्रति,
गोव्यातली आरोग्य केंद्रं आणि इस्पितळं चालवणारे, आणि त्यांच्यासाठी निर्णय घेणारे सर्व मान्यवर,

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी जुलैत, सातवं सरता सरता, त्याला पक्षाघात झाला, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटून अंगाची एक बाजू लुळी पडली. आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात तसं, अंगावरून वारं गेलं.

२९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन. त्या आठवड्यात मी मुलाला घेऊन एका आरोग्य केंद्रात गेले होते. दारातच नवा फलक लागला होता. पिकल्या केसांचे एक आजोबा, वाकडं झालेलं तोंड, आणि खाली रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू अशी यादी. फलक चांगलाच होता. मी तिथल्या जबाबदार व्यक्तीला एवढंच म्हटलं, की खाली एक ओळ वाढवा, मुलांनाही होतो म्हणून. उत्तर आलं, "मुलांना हे होत नाही हो बाई. झालंच तर लाखात एखाद्याला. उगाच लोक घाबरतील." माझा मुलगा माझ्या शेजारीच उभा होता, उजव्या पावलाला प्लास्टिकचा आधार बांधून. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

ती खाली गेलेली मान मला दिसते आहे, म्हणून हे पत्र.

त्या जुलैतल्या सोमवारी सकाळी साडेसातला तो चहा-पोळी खात होता. पोळीचा तुकडा कपात बुडवायचा आणि तो हातातून गळायचा. दोनदा गळला. तिसऱ्यांदा कपच कलंडला. शाळेची घाई होती, मी ओरडले त्याच्यावर. त्यानं वर पाहिलं तेव्हा तोंडाचा उजवा कोपरा खाली आला होता. "आई" म्हणायला गेला, त्यातला "आ" तेवढा बाहेर पडला.

पुढचे तीस तास असे गेले. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची नस सुजली आहे, पावसाळ्यात गार वारा लागून होतं, आठ-दहा दिवसांत जाईल. उजवा हातही चालत नाही असं मी दोनदा सांगितलं. चेहऱ्याची नस सुजली तर चेहरा वाकडा होतो, हात लुळा पडत नाही, हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्याला "माझं बोट दाब बघू" एवढं कुणी म्हटलं असतं तरी पुरे होतं. दुपारी त्याला आकडी आली. मग एका इस्पितळात सांगितलं गेलं, की आकडी येऊन गेल्यावर एखादी बाजू थोडा वेळ अशक्त राहते. ते खरंच आहे, तसं होतं. पण आमच्याकडे अशक्तपणा सकाळी आला होता आणि आकडी दुपारी. हा क्रम कुणी विचारला नाही. संध्याकाळी सीटी स्कॅन झाला. "सीटी नॉर्मल आहे, काळजी करू नका." त्या रात्री तो झोपला आणि मी त्याचा उजवा हात हातात धरून बसले. हात ऊबदार होता. पण मी दाबला की तो परत दाबत नव्हता.

मंगळवारी दुपारी दीड वाजता दुसऱ्या एका इस्पितळात एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला, आत खोलवर, रक्त न पोचल्यानं एक जागा मेली होती, आणि तिकडे जाणारी धमनी एका ठिकाणी सुतासारखी अरुंद झाली होती. मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडात धरली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या वर्षभरात कांजिण्या आल्या होत्या का?" आल्या होत्या. शिगम्याच्या दिवसांत आल्या होत्या. आम्ही कडुलिंबाचा पाला अंथरला, आंघोळ घातली आणि विसरून गेलो. कांजिण्यांचा विषाणू नसांमध्ये दडून राहतो, आणि काही थोड्या मुलांमध्ये पुढच्या काही महिन्यांत मेंदूच्या धमनीची भिंत सुजवतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नसणं समजू शकतं. पण तीस तासांत ज्या चार ठिकाणी आम्ही गेलो, तिथे कुणीच तो प्रश्न विचारला नाही.

त्या डॉक्टरांपैकी कुणाचंही नाव मी घेणार नाही. त्यांच्यापैकी कुणी वाईट वागलं नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच वाक्य पक्कं बसलं होतं: मुलांना पक्षाघात होत नाही. तेच वाक्य सव्वा वर्षानं त्या फलकाखाली मला पुन्हा ऐकवलं गेलं. माझी तक्रार त्या वाक्याविरुद्ध आहे. आता ती एकेक करून मांडते.

पहिली गोष्ट, हा आजार मुलांना होतो. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींप्रमाणे तान्ह्यांनंतरच्या वयात वर्षाला लाखात एक-दोन मुलांना रक्तपुरवठा तुटून होणारा पक्षाघात होतो. जन्माच्या आसपासच्या दिवसांत तो याहून कितीतरी जास्त, सुमारे अडीच ते चार हजार जन्मांमागे एक. गोव्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या घरातली. म्हणजे इथे वर्षाला बोटांवर मोजण्याइतकी मुलं असतील. "लाखात एखाद्याला" हे उत्तर मला मान्य आहे, पण त्या एखाद्याला कुठे न्यायचं हे ठरवायचं नाही, हे मला मान्य नाही.

दुसरी गोष्ट, मुलांमधली कारणं मोठ्यांसारखी नसतात, त्यामुळे मोठ्यांचा फलक वाचून मूल सापडत नाही. सात वर्षांच्या मुलाला रक्तदाब नसतो, तंबाखू नसते. त्याच्या धमनीला सूज आलेली असते, किंवा मानेला हिसका बसून धमनीचा आतला पदर फाटलेला असतो, किंवा मोयामोया नावाच्या आजारात मेंदूच्या मोठ्या धमन्या हळूहळू बंद होत आलेल्या असतात. जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलात गुठळी हृदयातून वर जाते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलात वाकड्या पेशी धमन्यांना इजा करतात, आणि तिथे तर आधी ओळखायची सोय आहे: डोक्यावर सोनोग्राफीसारखं यंत्र धरून रक्ताचा वेग मोजतात, वेग जास्त निघाला तर नियमित रक्त देऊन पक्षाघात टाळता येतो. आपल्या देशात क्षयाचा मेंदूज्वर हेही मोठं कारण आहे.

आणि एक कारण तर अगदी आपल्या घरातलं. थेरपीच्या खोलीत मला पेडण्याची एक आई भेटली. तिचं बाळ तेरा महिन्यांचं, खाटेवरून पडलं. उंची गुडघ्याएवढी. रडलं, दूध प्यायलं, आणि तासाभरात डावा हात उचलेना. "पडल्यामुळे हात मुरगळला" म्हणून हाताचा एक्स-रे काढला. काही बाळांच्या मेंदूच्या खोलवरच्या बारीक धमन्यांवर चुन्यासारखे कण साठलेले असतात, आणि साध्याशा पडण्यानंही तिथला रक्तपुरवठा तुटतो. भारतातल्याच डॉक्टरांनी अशी बाळं मोठ्या संख्येनं पाहून हे नीट लिहून ठेवलं आहे. सीटीचे पातळ काप घेतले तर ते ठिपके दिसतात, आणि यातली बरीच बाळं चांगली सुधारतात. तिचंही सुधारतं आहे. पण पडलेल्या बाळाचा हात उचलत नसेल तर डोक्याचा विचार करा, हे प्रत्येक आरोग्य केंद्रात माहीत हवं की नको?

अशक्त रक्ताची गोष्टही इथेच सांगते, कारण ती आपल्या हातातली आहे. कॅनडातल्या एका अभ्यासात, एरवी निरोगी असलेल्या लहान मुलांपैकी ज्यांना पक्षाघात झाला होता त्यांच्यात लोह कमी पडून झालेला पांडुरोग (ॲनिमिया) असण्याची शक्यता दहापट निघाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचं रक्त कमी आढळलं. यातल्या प्रत्येक मुलाला धोका आहे असं मी म्हणत नाही. पण लोहाचं औषध ही टाळून चालणारी गोष्ट नाही, एवढं तरी यातून कळतं.

तिसरी गोष्ट तपासणीची. पहिल्या काही तासांत साधा सीटी नॉर्मल येऊ शकतो. त्यावर कुणाला घरी पाठवता येत नाही. रक्तस्राव नाही एवढंच तो खात्रीनं सांगतो. एमआरआयमधला डिफ्यूजन नावाचा भाग काही मिनिटांत होतो आणि मेलेली जागा लवकर दाखवतो. त्याच वेळी मेंदूच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचीही चित्रं घ्यावी लागतात, कारण मुलांमध्ये निदान बहुतेकदा रक्तवाहिनीतच सापडतं. लहान मूल यंत्रात निपचित पडून राहत नाही, त्याला झोपेचं औषध द्यायला भूलतज्ज्ञ लागतो. आमचा अर्धा मंगळवार भूलतज्ज्ञाची वाट पाहण्यात गेला.

मला एकानं विचारलं होतं, "लवकर कळलं असतं तरी काय दिलं असतं? गुठळी विरघळवायचं औषध मुलांना देतच नाहीत." प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. मोठ्यांना पहिल्या साडेचार तासांत जे औषध देतात त्याला लहान मुलांसाठी रीतसर मान्यता नाही. मुलांमध्ये ते तपासायला अमेरिकेत मोठा अभ्यास सुरू झाला होता, पण पुरेशी मुलं न मिळाल्यानं २०१३ मध्ये तो बंद करावा लागला. पण त्या अभ्यासासाठी ज्या इस्पितळांनी तयारी केली, कुणाला फोन करायचा, एमआरआय कोण मोकळा करणार, भूल कोण देणार हे ठरवलं, तिथे ती तयारी अभ्यास बंद पडल्यावरही कामाला आली. मोठ्या धमनीत गुठळी अडकलेल्या निवडक मुलांमध्ये आता नळी घालून ती बाहेरही काढतात. ते प्रत्येकाच्या नशिबी नसतं, माझ्या मुलालाही त्याचा उपयोग नव्हता. पण रक्तातली साखर पाहणं, ताप उतरवणं, आकडी थांबवणं, रक्तदाब खाली न जाऊ देणं, सलाईननं पाणी पुरं ठेवणं, मेलेल्या जागेभोवतीचा जो भाग अजून जगतो आहे तो जपणं, हे सगळं पहिल्या तासापासून करता येतं. रक्तस्राव नाही याची खात्री झाली की ॲस्पिरिन किंवा हेपारिन, म्हणजे गुठळी होऊ न देणारं औषध, सुरू होतं, पुढचा झटका टळावा म्हणून. सिकलसेलच्या मुलाला रक्त बदलून देतात, मोयामोयाच्या मुलाला पुढे शस्त्रक्रियेनं नवी वाट करून देतात. यातलं काहीही निदान झाल्याशिवाय सुरू होत नाही.

माझ्या मुलाला रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी आहे, वजनाच्या मापानं. (वाचणाऱ्या आयांना हात जोडून सांगते, हे औषध मनानं कुणी देऊ नये. तापात किंवा कांजिण्यांत ते मुलाच्या यकृतावर आणि मेंदूवर उलटू शकतं.)

चौथी गोष्ट घरी आल्यानंतरची. इस्पितळातून सुटलं की सगळे म्हणतात, "लहान आहे, भरून येईल." मुलांचा मेंदू वाट काढतो हे खरं, पण निम्म्याहून अधिक मुलांमध्ये काही ना काही मागे राहतं, आणि जे भरून येतं ते मेहनतीनं येतं. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताई त्याचा चांगला डावा हात दिवसातले काही तास मऊ पिशवीत बांधून ठेवायच्या, म्हणजे उजव्याला काम करावंच लागे. तो चिडायचा, पिशवी दातांनी ओढायचा. मग त्यांनी विचारलं, याला आवडतं काय? मी म्हटलं, घुमट. आमच्या घरी चवथीला आरतीला घुमट वाजतं. एका हातानं चामड्यावर थाप द्यायची आणि दुसऱ्या हातानं मडक्याचं उघडं तोंड झाकायचं, उघडायचं, तेव्हा कुठे तो घुमणारा नाद निघतो. दोन्ही हात नसतील तर घुमट बोलत नाही. ताईंनी घुमट आणायला सांगितलं. थाप डाव्या हातानं, तोंड उजव्यानं. पहिले दोन महिने उजवा तळवा तोंडावर नुसता पडून राहायचा आणि आवाज बद्द यायचा. मार्चमध्ये एकदा तळवा उचलला गेला. खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू आलं.

जूनमध्ये त्या थेरपी केंद्रातले मुलांसाठीचे आठवड्याचे दोन दिवस बंद झाले. कारण लेखी मिळालं नाही. आता दोन बस बदलून जावं लागतं, मला रजा टाकावी लागते, म्हणून महिन्यातून दोनदाच जमतं. पेडण्याच्या त्या आईला तेवढंही जमत नाही.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो तर हात-पाय पाहून, सवलतींसाठी लागणाऱ्या चाळीस टक्क्यांखाली मोजलं. शब्द सापडायला लागणारा वेळ, तासाभरात येणारा थकवा, पाढे विसरणं, हे मोजलंच गेलं नाही. हा मुलगा आधी उजव्या हातानं वळणदार लिहायचा. २०१६ च्या कायद्यानं एकवीस प्रकारची अपंगत्वं मानली आहेत, २०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव भरतो, मी त्याला घेऊन गेले होते आणि त्याला तिथे खूप बरं वाटलं. तसंच त्याला परीक्षेत जादा वेळ मिळताना वाटायला हवं.

आता मागण्या. आपलं राज्य लहान आहे, आणि इथे ती मोठी सोय आहे. हृदयविकाराच्या झटक्यासाठी आपण हे करून दाखवलं आहे: छोट्या केंद्रात ईसीजी काढायचा, तो मोबाईलवर गोमेकॉतल्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या) तज्ज्ञांना दिसायचा, आणि होकार आला की इंजेक्शन तिथेच. तीच वाट मुलांसाठी आखा. एकाएकी एक बाजू लुळी पडलेलं, तोंड वाकडं झालेलं, बोलता येईनासं झालेलं किंवा एकाच बाजूची आकडी आलेलं मूल १०८ मध्ये चढलं, की ते कुठे जाणार हे आधी ठरलेलं असू द्या. दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो पक्षाघात धरा. चोवीस तास फोन उचलणारा मुलांच्या मेंदूविकारांचा एक तरी डॉक्टर, मग तो राज्याबाहेरून व्हिडिओवर का असेना, आणि त्याच दिवशी रक्तवाहिन्यांसह एमआरआय, भूलतज्ज्ञासकट.

मुलांची मोजणी ठेवा. वर्षाला किती, कुठून आली, किती तासांनी निदान झालं. एक वही पुरेल.

जन्मल्या दिवसांत आकडी आलेल्या बाळांना नाव लिहून ठेवून पुढे पाहत राहा. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल, दुसरी मूठ मिटलेलीच असेल, तर "डावखुरा होणार" म्हणून कौतुक न करता ते दाखवायला न्यायचं, एवढं अंगणवाडीच्या बाईंना शिकवा. त्यांना हे एका दुपारी शिकता येईल, मी त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना ओळखते.

कांजिण्यांची लस सरकारी लसीकरणात नाही. खासगीत जे घेऊ शकतात ते घेतात. निदान जन्मजात हृदयविकार असलेल्या आणि कायम ॲस्पिरिनवर असलेल्या मुलांना, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, ती फुकट द्यावी. त्या मुलांना दरवर्षी फ्लूची लसही.

थेरपीचे दिवस परत द्या. तालुक्यागणिक आठवड्यातले दोन. आणि दाखला देताना बोलणं, शिकणं आणि थकणंही मोजा.

शेवटी तो फलक. आजोबा राहू देत, त्यांचीही गरज आहे. त्यांच्या शेजारी एक मूल काढा आणि खाली मराठीत नि कोंकणीत लिहा: "मुलाची एक बाजू एकाएकी लुळी पडली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर थांबू नका. किती वाजता झालं ते लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. मुलांनाही पक्षाघात होतो."

रंग आणि कुंचला मी घेऊन येईन. एखाद्या रविवारी, केंद्र बंद असताना, मीच लिहीन. मुलगाही येईल, त्याला डाव्या हातानं रंग भरायला आता छान जमतं. आपण फक्त कुठल्या भिंतीवर ते सांगा.

आपली नम्र,
सत्तरी तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षिका